सड्यावरच्या म्हशींचा अर्ज

आमच्या रत्नागिरीच्या कचेरीत एक कारकून होते, ते प्रत्येक कागद मोठ्याने वाचत. शब्दाखाली बोट फिरवत, स्वल्पविरामाला थांबत. जराशी चूक दिसली की म्हणत, "परत लिहून आणा वो." मी गुरांचा डॉक्टर, शेजारच्याच टेबलावर बसे. त्यांच्या काटेकोरपणाचा मला वैताग यायचा.

त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला. सड्यावरचं, म्हणजे गावावरच्या कातळपठारावरचं, गवत करपलं आणि सरकारने गुरं पाळणाऱ्यांना चाऱ्यासाठी मदत जाहीर केली. धनगरवाडीतल्या एक मामी अर्ज घेऊन आल्या. त्यांच्याकडे सात म्हशी होत्या, पण नावावर जमीन कधी नव्हतीच.

"सातबारा नाही तर मदत नाही," कचेरीच्या साहेबांनी सांगून टाकलं.

"मग म्हशी विकायच्याच," मामी हळूच म्हणाल्या.

कारकुनांनी सरकारी आदेश काढला आणि साहेबांसमोर उभे राहून बोट फिरवत वाचायला लागले. एका ओळीवर थांबले. "इथे 'जनावरांचा मालक' लिहिलंय, साहेब. 'जमिनीचा मालक' असं कुठेच नाही."

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. "म्हशी ह्यांच्याच कशावरून?"

"डॉक्टर बघून दाखला देतील," कारकून मला न विचारताच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरे अर्ज काखेत मारून ते माझ्या दारात हजर. "वाडीत अशीच आणखी अकरा घरं आहेत, डॉक्टर. चला."

वाडीत मी म्हशी बघून दाखले देत गेलो आणि सगळे अर्ज त्यांनी तिथेच, गोठ्यांच्या दारात बसून लिहिले. बाराही घरांना मदत मिळाली. त्या उन्हाळ्यात धनगरवाडीतली एकही म्हैस विकली गेली नाही.