पाववाल्याच्या कुटुंबाचा पेला

जर्मनीतल्या बिशोफ्सग्र्यून गावात काचेवर चित्रं काढणारी कुनिगुंडा हाताने जेवढी नाजूक, तेवढीच जिभेने खाष्ट. नवऱ्याच्या माघारी भट्टी तिनेच चालवली. गिऱ्हाइकांची मात्र तिला मनापासून किळस. ज्याला घोड्यावर धड चढता येत नाही, त्याला बिअरच्या पेल्यावर घोडेस्वार व्हायचं असे. ज्याला बायको दारात उभं करत नाही, त्याला हातात हात घातलेली जोडी हवी असे. ती रंगवून देई आणि त्यांची पाठ फिरली की थुंके.

पांक्रात्स पाववाला त्यांतलाच. मुलाच्या सोयरिकीला पाहुणे येणार, म्हणून त्याने कुटुंबाचा पेला सांगितला. नवरा-बायको, ओळीने मुलं, वर सोनेरी कड.

"माझं पोट जरा आत घ्या, बाई."

"घेते की. चित्रात कुणाचंही जातं आत. थोरली वाल्बुर्गा कुठे काढू?"

"ती नको. मुकी आहे. पाहुण्यांना काय सांगू?"

"मुकी आहे म्हणून सांगा. तुमची कणीक तीच तिंबते, तेही सांगा."

"सांगितलं तेवढं काढा!"

हिवाळा तोंडावर होता, पैसे हवे होते. तिने तेवढंच काढलं.

पेला न्यायला नेमकी वाल्बुर्गाच आली. उजेडात धरून तिने एकेकावरून बोट फिरवलं. मग मागची बाजू पाहिली. तिथे नुसती फुलं होती. ती पेला फडक्यात बांधू लागली.

कुनिगुंडाला स्वतःचीच चीड आली. थुंकायला आज दुसरं कुणी नव्हतं.

"ठेव तो खाली!" ती खेकसली.

फुलांमधल्या मोकळ्या जागेत तिने वाल्बुर्गा काढली, आणि रंग पक्का करायला पेला पुन्हा भट्टीत ठेवला. दुसऱ्या आचेत तो उभा तडकला.

पांक्रात्स धापा टाकत आला. "माझा पेला?"

"फुटला. पोकळ माणसं, दुसरी आच सोसली नाही."

"चल गं घरी!" तो लेकीवर ओरडला.

वाल्बुर्गा रंगांच्या वाट्यांपाशी बसली होती. ती उठलीच नाही. दोनदा ओरडून तो निघून गेला.

त्याने बाजारातून गरुडाचं चित्र असलेला आयता पेला आणला. पाहुणे भरपूर प्याले, सोयरीक ठरली, थोरलीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

वाल्बुर्गा कुनिगुंडाकडेच राहिली आणि चित्रं काढायला शिकली.

"हे काय नाक? सलगम आहे नुसतं!" कुनिगुंडा तिच्यावरही डाफरायची. वाल्बुर्गा खांदे हलवून हसायची आणि सलगमच रंगवायची, कारण समोरच्या गिऱ्हाइकाचं नाक खरंच तसं असायचं.