ताप आला होता, असे मी लिहिले

गडचिरोलीच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले. तरीही वनजमिनीच्या दाव्यापासून हरवलेल्या बैलापर्यंत कोणत्याही विषयावर मी असे निवेदन लिहितो की वकीलसुद्धा ते दुसऱ्यांदा वाचतात. हे आत्मस्तुतीसाठी सांगत नाही. माझ्या हातून झालेली चूक किती उंचावरून झाली हे कळावे, म्हणून सांगतो.

एका दुपारी एक ढिवर आणि त्याची बायको नोटीस घेऊन आले. ज्या जलाशयात तो मासे धरतो, तिथल्या मच्छीमार संस्थेच्या प्रत्येक मोटारबोटीवर एक कॅमेरा आणि जागा नोंदवणारी एक डबी बसवलेली आहे. बोट कुठे गेली, कुठे थांबली, जाळे केव्हा वर आले, हे सारे मासेमारीच्या कार्यालयातल्या संगणकात जमा होते. तिथले सॉफ्टवेअर ते चाळून चित्रणातल्या संशयास्पद तुकड्यावर लाल खूण करते. मग एक तपासनीस बाई तेवढा तुकडा पाहून शेरा लिहितात. नाल्याच्या मुखाशी, जिथे मासे अंडी घालतात, तिथे जाळे ओढायला बंदी आहे. नोटिशीत म्हटले होते की याची बोट त्या बंदीच्या भागात थांबली, जाळे वर आले, सबब परवाना रद्द का करू नये. परवाना गेला तर बोट संस्थेकडे परत जाणार होती, आणि त्या घरात दुसरा धंदा नव्हता.

“जाळं माह्यं नव्हतंच जी,” तो म्हणाला. “कोणाचं तरी जुनं जाळं बुडाशी अडकून होतं. मासे त्याच्यात फसून मरून राह्यले होते. म्हणून ओढलो.”

“ओढलो म्हणशीन तं गेला तू,” मी म्हणालो. “त्या दिवशी तू पाण्यावर गेलाच नाई. ताप होता तुले.”

“पण मी तं गेलो होतो.”

“कायदा तुले समजते का मले?”

“भाऊ, थो कॅमेरा...” बायकोने तोंड उघडले.

“बाई, किती पाह्यले असे. तीस वर्षं झाले लिहून राह्यलो.”

आणि ते खरेच होते. जंगलातल्या लाकडाच्या, मोहाच्या, चराईच्या कितीतरी प्रकरणांत मी तेच एक वाक्य लिहीत आलो होतो : अर्जदार घटनेच्या वेळी घटनास्थळी हजर नव्हता. शिपायाने ‘पाहिले’ म्हणायचे, आपण ‘नव्हतोच’ म्हणायचे. दोन तोंडांच्या मध्ये माणूस सुटून जात असे. संगणकातला साक्षीदार कसा बोलतो हे मी कधी पाहिले नव्हते, आणि न पाहिलेल्या गोष्टीविषयी विचारण्याची मला सवय नव्हती. मी ‘सदर दिनांकी अर्जदार तीव्र तापाने अंथरुणास खिळून होता’ असे लिहिले आणि त्याची सही घेतली.

मासेमारीच्या कार्यालयात सुनावणीला मी हौसेने सोबत गेलो. साहेबांनी अर्ज वाचला आणि तपासनीस बाईंना खूण केली. बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. निळ्या पाण्याचा नकाशा, त्यावर बोटीची बारीक रेघ, नाल्याच्या मुखाशी लाल ठिपका. बाईंनी ठिपक्याला स्पर्श करताच चित्र सुरू झाले. डोक्याला दुपट्टा बांधून हाच माणूस दोन्ही हातांनी जाळे ओढत होता. चेहरा स्वच्छ दिसत होता.

“ताप होता म्हणे?” साहेब म्हणाले. “तापातही हात बरा चालतो याचा.”

बाई ओठ दाबून हसल्या. मी टेबलावरच्या शिक्क्यांकडे पाहत राहिलो.

“साहेब, पुढचं दाखवा ना जी,” तो म्हणाला. “जाळं वर घेतल्यावर मी काय केलो थे बी असन त्याच्यात.”

बाईंनी सांगितले की सॉफ्टवेअर जाळे बोटीच्या काठावर येईपर्यंतचाच तुकडा कापून देते. संपूर्ण चित्रण वेगळे असते, ते मागवावे लागते, आणि त्या दिवसाचे चित्रण आज संध्याकाळी आपोआप पुसले जाणार आहे.

साहेबांनी पेनाचे टोपण काढले. “ज्यानं ताप खोटा सांगितला, त्याच्या जाळ्याची गोष्ट मी कशाला ऐकत बसू?” बाहेर त्यांची दौऱ्याची गाडी सुरू होती.

अर्जनवीसाला सुनावणीत बोलण्याचा अधिकार नसतो, हे मला पाठ होते. बोललो तर संध्याकाळपर्यंत कडुनिंबाखालच्या प्रत्येक टेबलाला कळेल, आणि कदाचित माझे टेबलही राहणार नाही, हेही मला त्याच क्षणी दिसले. साहेबांचे पेन कागदाला टेकले.

“बोला ना जी,” त्याची बायको माझ्या कानाशी म्हणाली. “लिवता तं मोठं.”

मी उभा राहिलो. “साहेब, तापाचं वाक्य माझं आहे. हा नको म्हणत होता. मी लिहिलं आणि सही घेतली.”

साहेब पेन ठेवून म्हणाले, “बाई, पूर्ण लावा.”

स्क्रीनवर एक गोल फिरू लागला. तो फिरतच राहिला. ड्रायव्हर दारातून डोकावला, “साहेब, निघायचं?” साहेबांनी त्याला हातानेच थांबवले. शेवटी चित्र उमटले. शेवाळाने हिरवे झालेले जाळे बोटीत पडले होते आणि हा ते पात्याने कापत होता. मेलेले मासे एका बाजूला. मग त्याने अंड्यांनी पोट फुगलेली एक जिवंत रोहू दोन्ही हातांत घेतली, पाण्यात धरली, आणि तिची शेपटी हलेपर्यंत सोडली नाही.

बाईंनी तेवढा भाग सावकाश पुन्हा पाहिला. मग आधीच्या दिवसांच्या रेघा एकामागून एक उघडल्या. त्यांतली एकही नाल्याच्या मुखाकडे गेलेली नव्हती.

“सर, माझा शेरा बदलावा लागेल,” त्या म्हणाल्या.

“नवीन निवेदन लिहा,” साहेब मला म्हणाले. “तो बोलेल तेवढंच.”

मी लिहिले आणि वाचून दाखवले. त्याने मध्येच हात वर केला. “‘मृत मत्स्य’ नाई जी. मेलेले मासे लिवा.” मी खोडले आणि तसे लिहिले.

परवाना टिकला. परंतु खोटे निवेदन फायलीत नोंदले गेले होते, आणि त्याबद्दल बोट पंधरा दिवस काठाला बांधून ठेवण्याचा आदेश झाला. शिक्षा मला करावी, अशी मी विनंती केली.

“सही त्याची आहे,” साहेब म्हणाले आणि दौऱ्यावर निघून गेले.

पायऱ्यांवर ढिवराने आदेशाची प्रत घडी करून खिशात घातली. बायको थांबली.

“थे पंधरा दिवस तुमचे होय, भाऊ,” ती म्हणाली. “त्याचे नाई.”

“चाल वो, बस जाईन,” तो म्हणाला.

मी त्यांच्यामागे बसपर्यंत गेलो. ती दोघे चढली, खिडकीशी बसली. मी खाली उभा होतो. बस हलेपर्यंत मला एक वाक्यही जुळवता आले नाही.