फौजी रिव्हॉल्वर आणि चिंचेचं पाणी

आमच्या दारव्ह्याच्या घरी एक फौजी रिव्हॉल्वर होती. सासरे फौजेत होते, त्यांनी ती रीतसर घेतलेली. त्यांच्यामागे लायसन आमच्या ह्यांच्या नावावर झालं. गोळ्या कधीच्याच ठाण्यात जमा करून टाकल्या होत्या, तरी माझा जीव काही थाऱ्यावर नसायचा. उन्हाळ्यात नातवंडं येतात, आणि आता ह्यांचे हात कापतात, नजरही अधू झाली. यंदा लायसनची मुदत संपत आली, तेव्हा मी हट्टच धरला की विकून टाका. हे कसेबसे कबूल झाले, पण एका बोलीवर. जाणकार माणसानं घरी येऊन तिची खरी किंमत सांगायची.

तर नागपूरहून जुन्या हत्यारांचा एक लायसनवाला दुकानदार आला. माझं सारखं आतबाहेर सुरू. चहात साखर टाकली की नाही, तेच आठवेना. भाव फार सांगितला तर हे छाती फुगवून म्हणतील, ठेवतो. आणि कमी सांगितला तर रागानं म्हणतील, ठेवतो. मला आपला मधला भाव पाहिजे होता.

त्या माणसानं आधी गोळ्यांची चक्री रिकामी आहे ना ते पाहिलं. मग नळीतून उजेडाकडे डोळा लावला, चक्री ढिली झाली का ते हलवून पाहिलं. आतून चांगली आहे म्हणाला. मुठीची लाकडं खोलली, तर आतला नंबर बाहेरच्याशी जुळला. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही तो नंबर ह्यांनीच कोरला.

मग त्यानं भिंग काढलं आणि नळीवर बोट फिरवत बसला. शेवटी म्हणाला की अशा वस्तूचं मोल तिच्या जुन्या काळसर मुलाम्यात आणि फौजेच्या ठशात असतं. इथं मुलामा पार उतरलेला, ठसा बोटालाही लागत नाही. निम्म्याहून कमीच मिळतील.

"इतकी चकाचक केली कोणी, काकाजी?"

आता काय सांगू तुम्हाला. दर दसऱ्याला पूजेच्या आधी हे स्वतः चिंच आणि राखुंडी घेऊन ओट्यावर बसत. मला हातही लावू देत नसत. तोंड दिसलं पाहिजे तिच्यात, म्हणत. बापाची वस्तू, जीव होता हो ह्यांचा तिच्यावर.

ह्यांचा चेहरा उतरला, आणि मग हळूहळू कडक व्हायला लागला. तो कडकपणा मी चांगला ओळखते. आता 'नाही द्यायची' येणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच घासली जी. पितळेच्या भांड्यांसंगं घासत होती. मले काय समजते त्यातलं."

हे दुकानदाराकडे वळले.

"पाहा. हिले हजार डाव सांगतलं, हात नको लावू म्हणून. न्या बाप्पा आता, कायले ठेवता."

ठाण्यात कळवणं झालं, कागद झाले, रिव्हॉल्वर गेली. मला वाटलं, आता निवांत झोपीन. कुठची झोप.

परवा शेजारी बसायला आले, तर हे सांगत होते की सोन्यासारखी वस्तू, हिनं चिंचेनं मातीमोल केली. मी कुठं बसायची, राखुंडी कशी चोळायची, सगळं बारीकसारीक. माझं खोटं निभावून नेतात, की त्यांना आता खरंच तसं वाटते, काही समजत नाही. विचारीन म्हणते. पदर खोचून खोलीच्या दारापर्यंत जाते, आणि तिथूनच वापस येते.