खानावळीपर्यंतचा रस्ता

काचबिंदूनं डोळे गेले तेव्हा मी पन्नाशीचा होतो. उचगावच्या एका कारखान्यात लेथ चालवायचो. त्यानंतर बायकोला माझ्यापासून तासभरही लांब जाता येईना. तिची आई गगनबावड्याला अंथरुणाला खिळलेली. भाऊ फोन करून बोलवायचा आणि ही "बघू" म्हणून विषय संपवायची. जेवणाचा डबा घरपोच आला असता, पण तिला भरवसा हवा होता, की वेळ पडली तर मी दाराबाहेर पडू शकेन. मी एकटा खानावळीत जाऊन जेवून आलो, तर ती चार दिवस आईजवळ राहणार होती.

शहरातल्या अंधांच्या वर्गात एक बाई शिकवायच्या, त्या जन्मांध. त्यांनी आमच्याच गल्लीचे आवाज टिपून मोबाइलवर खेळ बसवून दिला. कानात हेडफोन घालायचे, बोटानं पुढं सरकायचं. डाव्या कानात पिठाची गिरणी आली की सरळ, उजव्या कानात वेल्डिंगचं दुकान आलं की कोपरा. तिथं थांबून गाड्यांचा कानोसा घ्यायचा, मग डावीकडं वळायचं. चुकलं तर कुत्रं भुंकायचं, पोचलं तर ताटवाट्या वाजायच्या. डोळे असताना वीस वर्षं त्या गल्लीनं गेलो, पण गिरणी कुठल्या हाताला आहे हे कधी ध्यानात घेतलं नव्हतं. पंधरा दिवसांत मी पटाईत झालो. बायकोनं माहेरी जायची पिशवी भरली.

पहिल्या दिवशी काठी घेऊन निघालो. कोपऱ्यावर शिकवल्याप्रमाणे थांबलो, तर कुणीतरी दंड धरला.

"पावणं, पलीकडं जायचं न्हवं? चला की."

मला पलीकडं जायचंच नव्हतं. पण आमच्याकडं हात धरणारा उत्तराला थांबत नाही. त्यानं मला रस्ता ओलांडून उभं केलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणीतरी घरी आणून सोडलं. तिसऱ्या दिवशी मात्र माझं टाळकं सरकलं. ऐन रस्त्यात मी हात हिसडला. "मदत कराय गेलो तर अंगावर येतंय," म्हणत तो माणूस निघून गेला. चारी बाजूंनी हॉर्न. गिरणी कुठं, दुकान कुठं, काही कळेना. मला भीती वाटली, लहान पोरासारखी.

मग ओळखीचा हात लागला. तिन्ही दिवस बायको माझ्या मागं चालत होती, पाऊल ओळखू येऊ नये म्हणून चपला हातात घेऊन, अनवाणी.

"चला, घरला जाऊया," एवढंच म्हणाली. घरी आल्यावर तिनं पिशवी रिकामी केली.

खेळात असली माणसं घाला, असं मी बाईंना रागानंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "आवाज घालता येईल, हात कसा घालू? मी तरी कुठं एकटी येते, भाऊ सोडतो गाडीवरनं."

महिन्याभरानं मेव्हण्याचा फोन आला. या वेळी त्यानं बोलावलं नाही, कळवलं. एसटीनं दोघं गेलो. घर माणसांनी भरलेलं, बायका रडत होत्या, हिला आईजवळ ओढत होत्या. ती माझा हात सोडेना. आईचं तोंड बघायच्या आधी तिनं भावाला विचारलं, "ह्यास्नी बसायला खुर्ची हाय का?"