अठ्ठावीसनंतरचा आकडा

हनोईच्या चार दिवसांसाठी केलेल्या माझ्या यादीत एकेचाळीस बाबी होत्या. त्यातल्या सव्वीस एकाच गोष्टीच्या होत्या: आमच्या मुलीला दाणे चालत नाहीत. शेंगदाणे. पोटात थोडे जरी गेले तरी तिचा घसा आतून सुजतो आणि श्वास बंद होऊ शकतो.

म्हणून इंजेक्शनची दोन पेनं, गार राहणाऱ्या पिशवीत, पिशवी माझ्या खांद्याला. गोळ्यांची दोन पाकिटं. जवळच्या हॉस्पिटलचा पत्ता आणि तिथवर गाडीने लागणारा वेळ. डॉक्टरांच्या सूचनांचा कागद, तीन प्रती. त्या सूचना मला पाठ आहेत. ओठ सुजले, खाज आली, अंगावर पित्त उठलं, तर गोळी द्या आणि लक्ष ठेवा. आवाज बदलला, बोलता येईनासं झालं, धाप लागली, तर थांबू नका, मांडीत पेन मारा.

बेचाळिसावी बाब आयत्या वेळी आली. चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसात सायगॉनची एक सहकारी आहे. तिने व्हिएतनामी भाषेत एक कार्ड लिहून दिलं: या मुलीला शेंगदाणे चालत नाहीत, खाल्ले तर जीव जाऊ शकतो. हौगांगला आम्ही राहतो त्या ब्लॉकखाली झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे मी ते लॅमिनेट करून आणलं. त्या गुळगुळीत कार्डाने मला जो धीर दिला तो दोन पेनांनीही दिला नव्हता.

मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. वर्गातले सगळे कुठे ना कुठे जाऊन आलेले, आणि आम्ही आठ वर्षं सुट्ट्यांतही स्वयंपाकघर असलेल्या फ्लॅटमध्येच राहिलेलो. मी डाळ-तांदूळ बरोबर न्यायचे. शेवटी ती तिच्या मैत्रिणींसारखं वाक्याला ‘लाह’ लावत म्हणाली, "आई, मला एकदा तरी रस्त्यावर बसून खायचंय. लाइक नॉर्मल पीपल, लाह." नवरा म्हणाला, "अगं, गाइड घेऊ. तीन तास फिरवते, खाऊ घालते. आधी सगळं सांगून ठेवू." मी सांगितलं. तीन ईमेल पाठवल्या.

ही भीती सोलापूरची आहे. माझ्या माहेरी, पुण्यात, आम्ही दाणे म्हणतो. सासरी शेंगा म्हणतात. मुलगी सहा वर्षांची असताना सासरी जेवायला बसलो होतो. मी विचारलं, "आई, वांग्याच्या भाजीत दाणे नाहीत ना?" सासूबाई म्हणाल्या, "दाणे कुठले गं? एक दाणा नाही." आणि खरंच नव्हता. कूट होतं, चांगलं दोन डाव. माझ्या प्रश्नाला त्यांनी खरंखुरं उत्तर दिलं होतं. दहा मिनिटांत पोरीचा आवाज बसला. "आई" म्हणायला गेली तर घोगरं, म्हाताऱ्या माणसासारखं काहीतरी बाहेर आलं. तो आवाज मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून माझा नियम आहे: दोनदा विचारायचं, आणि दुसऱ्यांदा शब्द बदलून.

हनोईत सकाळी आठला गाइड हॉटेलवर आली. माझ्याच वयाची, पायांत मजबूत बूट, हातात घडी केलेली माझी तिसरी ईमेल. मला ती लगेच आवडली. "मॅडम, नो पीनट. मी लिहून ठेवलंय," ती म्हणाली.

पहिला तास माझ्या भीतीला दुसरंच काम मिळालं. रस्ता ओलांडायचा होता आणि स्कूटर थांबत नव्हत्या. गाइड म्हणाली, "पळायचं नाही, थांबायचं नाही. हळू चालत राहा, ते तुम्हाला चुकवून जातील." सिग्नल हिरवा झाल्याशिवाय मी आमच्याकडे तोआ पायोहचा रिकामा रस्ताही ओलांडत नाही. मी मुलीचं मनगट धरून डोळे अर्धे मिटले आणि चालले. पलीकडे पोचल्यावर तिने मनगट चोळलं. "आई, रक्त थांबलं माझं."

मग तळं झालं, एक जुनं देऊळ झालं, रेल्वेच्या रुळांना चिकटलेली घरं झाली. दोन ठिकाणी खाल्लं. दोन्हीकडे गाइडने विचारलं, वर मी कार्ड दाखवलं. मुलगी नवऱ्याला म्हणाली, "बाबा, आई ते कार्ड पोलिसांच्या बिल्ल्यासारखं काढते. फ्रीझ! पीनट पोलीस!" दोघं हसली. मीही हसले, पण नूडल्स गिळताना तिचा घसा वरखाली होत होता, तो बघत.

तिसरं ठिकाण चिकट भाताचं होतं. फुटपाथवर एक आजी बसलेली, समोर टोपलीत वाफाळता भात, शेजारी शिजवलेल्या मुगाच्या डाळीचा पिवळा गोळा. तो गोळा सुरीने तासून ती भातावर घालत होती. आम्ही बुटक्या स्टुलांवर बसलो. नवऱ्याला कॉफी हवी होती म्हणून गाइड त्याला घेऊन चार दुकानं पलीकडे गेली. "दोन मिनिटं, मॅडम. मग मी ऑर्डर देते."

दोन मिनिटं थांबायला काय हरकत होती? पण माझ्याकडे कार्ड होतं. मी ते आजींपुढे धरलं. त्यांनी ते लांब नेलं, जवळ आणलं, डोळे बारीक केले, मान डोलावली. पिवळ्या गोळ्याकडे बोट दाखवून हात हलवला: हे नाही. मग पांढरा भात केळीच्या पानावर घेतला, डब्यातली तपकिरी पूड वर भुरभुरली आणि हसून मुलीच्या हातात दिला. मी पुडीचा वास घेतला. तिळाचा होता. तीळ तिला चालतात. दुसऱ्यांदा मी विचारलं नाही. शब्द बदलून विचारायला माझ्याकडे दुसरा शब्दच नव्हता.

मुलीने एक घास घेतला. दोनदा चावला आणि थांबली.

"आई, माझा ओठ खाजतोय."

मी हात तिच्या तोंडापुढे धरला. "थुंक. सगळं थुंक. गिळलंस?"

"थोडंसं. आय थिंक."

चूळ भरायला लावली, गोळी दिली, घड्याळ बघितलं. आठ वर्षं पाठ केलेलं होतं, हात आपोआप चालले. गाइड कॉफीचा पेला घेऊन परतली, तिने आमच्याकडे बघितलं आणि पेला रस्त्यावरच ठेवला. आजींना काही विचारलं. आजी बोलल्या त्यातला एक शब्द गाइडने पुन्हा उच्चारला: "लाक." मग माझ्याकडे वळून, "पीनट, मॅडम. तिळाच्या पुडीत दाणे कुटून घालतात." माझ्या हातातलं कार्ड तिने वाचलं. "हा दक्षिणेतला, सायगॉनकडचा शब्द आहे, दाउ फोंग. इथे आम्ही लाक म्हणतो. आणि आजींना चष्म्याशिवाय पहिलाच शब्द दिसला, दाउ. म्हणजे डाळ. तुम्हाला डाळ नको, असं त्या समजल्या."

डाळ नको म्हणून त्यांनी मुद्दाम ती पूड घातली होती. माझ्या कार्डामुळे.

टॅक्सीत मुलगी मध्ये, मी डावीकडे, नवरा उजवीकडे, गाइड पुढे ड्रायव्हरशी भांडल्यासारखी बोलत. वरचा ओठ एका बाजूने फुगला होता. हनुवटीवर लाल चट्टे. एवढ्याला पेन नाही, लक्ष ठेवा. आवाजावर लक्ष ठेवा.

"बोलत राहा," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"आकडे म्हण. मोठ्याने. मराठीत." मराठीतच का, ते आजही सांगता येणार नाही. कदाचित सोलापूरला जो आवाज गेला होता तो मराठीत होता म्हणून.

"एक, दोन, तीन..." तिने सुरू केलं. मी पेन हातात घेतलं. स्कूटर चारी बाजूंनी खिडक्यांना घासून जात होत्या आणि टॅक्सी पुढे सरकत नव्हती. "अकरा, बारा..." आवाज तिचाच होता. की जरा जाड? अठरापाशी ती खाकरली. एकोणीस, वीस. ओठ आणखी फुगला होता का? नवरा तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. "सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस..."

ती थांबली.

तोंड उघडं होतं. आवाज नव्हता. डोळे मोठे झाले होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

मी पेनाचं निळं टोपण उपटलं आणि तिचा गुडघा दाबून धरला.

"आई, वेट, वेट!" ती किंचाळली, स्वच्छ, खणखणीत. "पुढे काय येतं मला माहीतच नाही!"

मग नवरा म्हणाला, "एकोणतीस." त्याचाच आवाज घोगरा झाला होता.

"एकोण-तीस," ती म्हणाली. "हू मेड धिस सिस्टिम?"

मला हसू आलं नाही. टोपण काढलेलं पेन मी मांडीपासून लांब धरून बसले, कारण ती अडतीसला पुन्हा थांबणार होती, आणि तेव्हा कशामुळे थांबली हे मला पुन्हा ठरवावं लागणार होतं. थांबलीच. अठ्ठेचाळीसला, अठ्ठावन्नलाही. दर वेळी माझं मनगट ताठ व्हायचं, दर वेळी नवरा पुढचा आकडा सांगायचा, दर वेळी तिचा आवाज तोच निघायचा. सत्तरच्या आसपास हॉस्पिटल आलं.

तिथे चार तास ठेवून घेतलं. पेन लागलं नाही. ओठ उतरला. गाइड शेवटपर्यंत बसून राहिली. तिची दुपारची दुसरी टूर तिने कोणाला तरी देऊन टाकली. निघताना तिने माझ्या कार्डावर बॉलपेनने एक शब्द वाढवला, लाक, पण लॅमिनेशनवर शाई धरेना. तो तळहाताने पुसला गेला.

हौगांगला परतल्यावर नवं कार्ड केलं, दोन्ही शब्दांचं, मोठ्या अक्षरात. डॉक्टरांच्या कागदावर, "बोलता येईनासं झालं तर" या ओळीखाली, मी पेन्सिलीने लिहिलं: एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ येत नाहीत. घशामुळे नव्हे.

मुलीने ते वाचलं आणि तिला राग आला. आठवड्याभरात तिने शंभरपर्यंत पाठ केलं. मग म्हणाली, "आता मी मैत्रिणींबरोबर हॉकर सेंटरच्या स्टॉलवर खायला जाणार. तू नाही यायचं."

मी विचार करायला दोन दिवस घेतले. मग एक पेन तिच्या दप्तरात ठेवलं आणि जाऊ दिलं. खाऊन झालं की तिने फोनवर निरोप बोलून पाठवायचा, एवढीच अट घातली. शुक्रवारी शाळेनंतर तो आला. मागे ताटांचा, माणसांचा गलका होता.

"अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. दोनदा विचारलं, शब्द बदलून. ओके, आई? बाय."

मी स्वयंपाकघरात उभी होते. एकोणतीसवर तिचा आवाज किंचित जड वाटला. मी निरोप पुन्हा पहिल्यापासून लावला.