सहाव्या पिढीवरचा वोल्दू

आमच्या सेनाफेत लग्न ठरण्याआधी माणसं अद्देय लेतेयेसुसच्या दारात जातात. अद्देय म्हणजे आई. म्हाताऱ्या बाईला आमच्यात सगळेच तसं म्हणतात. मुलाच्या आणि मुलीच्या सात पिढ्यांत एकही पूर्वज सामाईक असता कामा नये, असा रिवाज आहे, आणि आसपासच्या चाळीस खेड्यांचे पूर्वज या बाईच्या डोक्यात आहेत. लिहिता-वाचता येत नाही. कॉफी भाजता भाजता नावं विचारते, बोटांच्या पेरांवर मोजते आणि तिसरा कप ओतला की निकाल सांगते. माझं एक जमत आलेलं लग्न तिनं पाचव्या पिढीवर मोडलं होतं. तो राग माझा अजून गेलेला नाही, असं माझी बायको म्हणते.

या चाळिसातली पंधरा खेडी सीमेपलीकडे, इथियोपियात. तिथली माणसं आमचीच भाषा बोलतात, आमचेच उपास धरतात. पण लढाई झाली आणि पुढं वीस वर्षं दोन देशांचं बोलणं बंद, रस्ता बंद, फोनही बंद. त्या लढाईत अद्देयचा एकुलता एक मुलगा टेकेस्टे गेला. त्याची पोर सेनाइत तेव्हा एवढीशी होती, बाप्तिस्माही व्हायचा होता. आईनं पुढं मसावाला दुसरा संसार मांडला. पोर आजीकडेच वाढली.

मग एका पावसाळ्यात दोन्ही देशांचे पुढारी टीव्हीवर एकमेकांच्या गळ्यात पडले. राजधान्यांत वकिलाती उघडल्या, झेंडे चढले. आमच्यापुरतं म्हणाल तर सप्टेंबरात, आमच्या नव्या वर्षाच्या दिवशी, झालंबेसाच्या सीमानाक्यावरचा दांडा वर गेला. मी मिनीबस चालवतो. त्या दिवसापासून सेनाफे ते पलीकडचं आदिग्रात अशा खेपा सुरू झाल्या. माणसं रडत चढायची आणि सिमेंट, मका, प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन परत यायची.

सेनाइत तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात मावशीला भेटायला माझ्या गाडीतून आदिग्रातला गेली आणि तिथं हफ्तोम नावाच्या गवंड्याशी तिचं जमलं. दर शनिवारी मावशीची आठवण यायला लागली, तेव्हा मी समजलो. ऑक्टोबर संपता संपता हफ्तोमकडची तीन वडीलधारी माणसं पांढऱ्या शाली पांघरून मागणी घालायला आली. त्यांना आणलं मीच, म्हणून बैठकीलाही बसलो.

पहिल्या पाच पिढ्या सुरळीत गेल्या. सहाव्या नावाला अद्देयचा हात थांबला.

"वोल्दू? कुठला वोल्दू?"

"आमच्या गावचा," त्यांच्यातला थोरला म्हणाला.

"आमच्या घराण्यातलाही एक वोल्दू दुष्काळात तिकडं गेला होता. तोच असेल तर ही दोघं बहीण-भाऊ लागतात."

"अद्देय, वोल्दू काय, प्रत्येक डोंगरावर एक सापडेल!"

"म्हणूनच विचारायला हवं. तुमच्याकडचे आबोय वेल्देगेरिमा सांगतील. ते सांगेपर्यंत मी हो म्हणणार नाही."

आबोय म्हणजे बाबा. वेल्देगेरिमा म्हणजे पलीकडची अद्देयच. ती इकडं मोजते, ते तिकडं मोजतात. वय नव्वद, कानांनी ठार बहिरे, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. मी दुसऱ्याच दिवशी निरोप घेऊन गेलो. म्हातारा डोळ्यांच्या इलाजासाठी मुलीकडे मेकेले शहरात गेलेला. कधी परत येईल, कुणाला ठाऊक नव्हतं.

मी येऊन सांगितलं तेव्हा सेनाइत चुलीपाशी होती. तिनं हातातली झाकणी आपटली.

"तुला मोजायचंच नाहीये, आजी. तू माझ्या बापाचा हिशोब चुकता करतेयस."

"जीभ आवर."

"त्या लढाईच्या वेळी हफ्तोम दुधपीता होता! त्यानं मारलं का बाबाला?"

म्हातारी खाली बघून भाजत राहिली. कॉफीच्या बिया मात्र करपल्या. तिच्या हातून तसं कधी होत नाही.

वेल्देगेरिमा आले तेव्हा नोव्हेंबर सरत आला होता. मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं. ते म्हणाले, "आमचा वोल्दू निराळा. त्याचा बाप दक्षिणेकडून आला. तिला सांग, बिनधास्त हो म्हण." मी गाडी पिटाळत आलो. पण आमचा नाताळ जानेवारीत येतो. त्याआधीचा दीड महिन्याचा उपास दोनच दिवसांपूर्वी सुरू झाला होता, आणि उपासात आमच्यात लग्नं लागत नाहीत. दोन्हीकडच्यांनी जानेवारीतली तारीख धरली. सेनाइतनं पांढरा झगा शिवायला टाकला.

नाताळाला बारा दिवस राहिले असताना सकाळी नाक्यावर पोचलो तर दांडा खाली. का, तर वरून हुकूम. कधी उघडणार, तर वरून हुकूम आला की. माझ्यामागं शंभरेक माणसं उभी होती. कुणाची गाय पलीकडे, कुणाचा नवरा.

सेनाइत चार दिवस जेवली नाही. पाचव्या दिवशी अद्देयनं मला बोलावलं. पोर भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिला ऐकू जाईल अशाच आवाजात म्हातारी म्हणाली, "मेब्राहतू, मला ठाऊक होतं."

"काय?"

"वोल्दू निराळा आहे ते. आमच्याकडचा वोल्दू निपुत्रिक गेला. माझ्या सासूनंच सांगितलं होतं." तिनं पोरीकडे बघितलं. "ती माणसं दारात बसली होती आणि मला टेकेस्टे दिसत होता. आयुष्यात एकदाच खोटं मोजलं, तेही हिच्या वेळी."

मला तिचा संताप आला, खोटं कशाला बोलू. त्या एका नावापायी मी आदिग्रातच्या किती खेपा केल्या होत्या! सेनाइत उठून बसली होती. तिनं ना शिव्या दिल्या, ना ती रडली.

"रविवारी सगळे चर्चमध्ये असतात," अद्देय तिला म्हणाली. "शेळ्या घेऊन वरच्या वाटेनं जाऊ. खिंडीपर्यंत मी येते. पुढची वाट उताराची आहे."

"पकडलं तर?"

"पकडलं तर मी म्हातारी आहे, शेळ्या चुकल्या म्हणेन. तू मागं बघू नकोस."

चोरून पलीकडे गेलेल्याला इकडं परत येता येत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. रविवारी मी त्यांना चढाच्या पायथ्याशी सोडलं. सेनाइतच्या अंगावर जुनाच झगा होता. नवा शिंप्याकडेच राहिला. दुपारी अद्देय सात शेळ्या पुढं घालून एकटीच उतरली. गुडघा फुटला होता. मी तिला हात धरून गाडीत बसवलं.

गाव जवळ आलं तसं मी विचारलं, "अद्देय, लोक विचारतील. काय सांगू?"

तिनं डोक्यावरची शाल सारखी केली.

"सांग, सासरी गेली."