राजाबाईनं गयेत काय सोडलं

सांबऱ्यात माझं किराणा दुकान आहे. दुकानदाराचा धंदाच मुळी संशयाचा. रुपया दगडावर आपटून घ्यायचा, गुळाची ढेप फोडून बघायची आणि गिऱ्हाईक फार गोड बोलायला लागलं की तराजूकडं लक्ष ठेवायचं. तेव्हा राजाबाईवर मी वीस-बावीस वर्षं विश्वास ठेवला नाही, यात मला काही वावगं वाटत नाही. गावानंही ठेवला नव्हता. गाव पाठीमागं बोलायचं, मी तोंडावर.

राजाबाई आणि मनुबाई सख्ख्या जावा. दोघीही विधवा, दोघींची चूल एकच. मनुबाईला एक मुलगा, भावकू. राजाबाईला मूलबाळ नाही. आमटीत मीठ कुणी घातलं इथून यांचं भांडण सुरू व्हायचं ते एकमेकींच्या माहेरापर्यंत जायचं. बेळगावात काँग्रेस भरली त्याच्या आदल्या वर्षी निपाणीचा परशराम काशीयात्रेचा जथा घेऊन निघाला, त्यात या दोघी गेल्या. परशरामाचा तो धंदाच होता. नुसतं देवदर्शन नाही, वाटेत आग्रा-दिल्लीसुद्धा दाखवतो म्हणून त्याच्याकडं माणसं जास्त यायची.

जथा परत आला तो या दोघींना सोडून. काशीत पटकीची साथ होती. मनुबाई धर्मशाळेत आडवी झाली, राजाबाई तिच्यापाशी राहिली आणि बाकीची मंडळी जीव मुठीत धरून गयेला पळाली. परशरामानं मान खाली घालून एवढंच सांगितलं. पण जथ्यात आमच्या गावची गुणाबाई होती. तिच्या पोटात काही राहत नाही.

"राजाबाईला देवाचं न्हाय, बघायचं याड," गुणाबाई माझ्या दुकानात बसून म्हणाली. "आग्र्यात ताजमहालाम्होरं बसली ती उठंनाच. दिल्लीत आमी खाली पाय चोळत बसलो आन् ही कुतुबमिनार चढून आली. काशीत मनुबाईला उलट्या लागल्या तवा ही कुठं हुती ठावं हाय? नावंत बसून घाट बघत हुती."

झालं. गावाला एवढं पुरेसं होतं.

दोन महिन्यांनी राजाबाई एकटी आली. यात्रेकरू घरात शिरण्याआधी वेशीवरच्या मारुतीत थांबतो, मग वाजतगाजत त्याला घरी नेतात. तिला न्यायला भावकू एकटा गेला, वाजंत्री नव्हती. तिच्या हातात गंगेचा गडू होता. ती त्याला म्हणाली, "तुजी आई काशीत गेली, बाळा. म्या गयेला जाऊन तिचा पिंड दिला." पुढं विचारलं तर ताकास तूर लागू देईना. दोन महिने कुठं होतीस? आजारी होते. गयेला गेलीस कशी? गेले. ताजमहाल कसा होता? होता.

कुठंतरी पाणी मुरतंय, हे सांगायला जोशी नको होता. जावेला मरणाच्या दारात टाकून ही बाई दोन महिने देश बघत फिरली, असा सगळ्यांचा तर्क. बाईमाणसाच्या हातचा पिंड चालतो का, हाही प्रश्न निघाला. तेव्हा देवळातल्या पुराणिकांनी सांगितलं की चालतो, गयेत खुद्द सीतेनं दशरथाला वाळूचा पिंड दिला होता. रामाला ते पटेना, त्यानं साक्षीदार मागितले. नदी खोटं बोलली, गाय खोटं बोलली, फक्त तिथला वड खरं बोलला. मी म्हणालो, सीतेला निदान वड तरी होता, हिच्या बाजूनं कोण आहे?

त्या वडावरूनच मला युक्ती सुचली. गयेत पिंड दिला की त्या अक्षयवटाखाली आपल्या आवडीची एखादी गोष्ट जन्मभरासाठी सोडायची असते. फळ किंवा भाजी. लोक तिथंही हुशारी करतात म्हणा. गुणाबाईनं कवठ सोडलं होतं, जे तिला जन्मात कधी आवडलं नव्हतं. पण काहीतरी सोडावं लागतंच. मग राजाबाईनं काय सोडलं?

गावानं तिच्या पानावर पहारा बसवला. कुणाचं बारसं असो, बारावं असो, राजाबाई पंगतीला बसली की वाढपी मुद्दाम तिच्यापाशी रेंगाळायचा. वांगं वाढलं, खाल्लं. दोडका खाल्ला. कारलं तर तिनं पुन्हा मागून घेतलं. उन्हाळ्यात आंबा, फणस, पावसाळ्यात सीताफळ. माझ्या बायकोनं संक्रांतीला सात भाज्या एकत्र करून तिला वाढल्या, ती बोट चाटून उठली. वर्षभरात पिकणारं सगळं त्या बाईच्या पोटात गेलं आणि मी निकाल दिला की ही गयेला गेलेलीच नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट होती. काँग्रेस भरली तेव्हा अख्खा जिल्हा बेळगावात लोटला, राजाबाई गेली नाही. गावच्या बायका बैलगाड्या जुंपून गोकाकचा धबधबा बघायला गेल्या, ही घरी. बेळगावच्या किल्ल्यात बाजाराच्या निमित्तानं लोक डोकावून यायचे, हिनं कधी वाट वाकडी केली नाही. दुसऱ्या महायुद्धात आमच्या माळावर विमानतळ झाला. पहिलं विमान उतरलं तेव्हा आंधळी म्हातारीसुद्धा नातवाचा हात धरून माळावर आली होती. राजाबाई गोठ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेली मी स्वतः पाहिली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

भावकूचं मात्र गावासारखं नव्हतं. गावाला चघळायला विषय हवा होता. त्याला आपली आई गतीला लागली की अजून लोंबकळते आहे, हे कळायला हवं होतं. पितृपंधरवड्यात कावळा पानाला शिवायला वेळ लावू लागला की तो कावळ्याकडं न बघता काकीकडं बघायचा. तिला तो कधी टाकून बोलला नाही, त्यानं जेवायला कमी केलं नाही. पण काकीच्या हातचं तुळशीपाशी ठेवलेलं निरांजन तो पुन्हा स्वतः लावायचा. हे माझ्या बोलण्यापेक्षा वाईट होतं.

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं गयेला जायचं ठरवलं. आईचा पिंड स्वतः द्यायचा. निघण्याआधी तो मला साक्षीला घरी घेऊन गेला. राजाबाई सोप्यात तांदूळ निवडत होती.

"काकी, माज्यासंगं चल," तो म्हणाला. "कुठं पिंड दिलास ते दाव."

"म्या येनार न्हाय."

मी भावकूकडं बघितलं. मला आणखी पुरावा नको होता.

भावकूचा आवाज चढला. "का न्हाय? तू गयेला गेलीच न्हाईस. गेली असतीस तर कायतरी सोडलं असतंस. सगळं गाव म्हनतंय."

राजाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "सोडलंय की."

"काय सोडलंस?"

"आवडीचं सोडायचं असतंय. मला खायाची कसली आवड?" ती म्हणाली. "मला बघायला आवडायचं. ते सोडलं."

ती तशीच बोलत राहिली, कुणाला समजवायला नव्हे. "गुणी खोटं बोलत न्हाय. तुज्या आईचं डोकं दुखत हुतं. ती म्हनाली, जा जाऊबाई, बघून ये, मी पडते. म्या नावंत बसले. घाट लई लांब, एकापुढं एक, संपंतच न्हाईत. परत आले तवा ती वळखंना. म्हनून वडाखाली बामनानं इचारलं तवा म्या डोळ्यांचं सुख सोडलं. तिथं जायला भाडं नव्हतं, दुखण्यातनं उठले तशी काशीतल्या अन्नछत्रात भांडी घासून जमवलं."

मी मनात म्हणालो, बरं जमवलंय. जी गोष्ट ताटात वाढता येत नाही तीच नेमकी सोडली. पुरावा मागायचा कुणी आणि कसा?

भावकू म्हणाला, "मग चल तर."

"डोळं झाकून येन," ती म्हणाली.

आणि तशीच गेली. मी पोचवायला गेलो होतो. बेळगाव स्टेशनात तिनं पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढला आणि भावकूनं तिला हाताला धरून डब्यात चढवलं. लोकांना वाटलं असेल, म्हातारीला मोतीबिंदू आहे. मला वाटलं, बाई सोंग चांगलं वठवते.

परत आल्यावर भावकू दुकानात आला. चेहरा उन्हानं रापला होता. मी त्याला पोत्यावर बसवलं आणि एकेक विचारायला लागलो. तो सांगत गेला. काशीचा पूल आला तेव्हा सगळा डबा खिडकीकडं धावला. राजाबाई आत तोंड करून बसून राहिली आणि गंगेत टाकायचा पैसा तिनं त्याच्या हातात दिला. पाणी केवढं आहे ते तो सांगायला लागला तर म्हणाली, नगं सांगू, ऐकलं तर बघितल्यागतच हुतंय. गयेत वडाच्या बुंध्यावर हात ठेवून ती बराच वेळ उभी होती. भावकूच्या मनात आलं, एवढा मोठा मुलूख ओलांडून आलो आणि हिच्या वाट्याला नुसता झाडाचा खडबडीतपणा. त्याला रडू आलं.

"मग दिलास का आईचा पिंड?" मी विचारलं.

"न्हाय."

"अरं, एवढ्या लांब जाऊन?"

"काकीनं दिलाय की. परत कशाला द्यायचा?"

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण स्वभाव जात नाही. आगगाडीत दोन दिवस, दोन रात्री, बाहेर सगळा देश पळतोय आणि जन्माची बघण्याची हौस असलेली बाई एका पदराआड बसलेली. मी म्हणालो, "खरं सांग भावकू. एकदा तरी पदर बाजूला करून बघितलंच असंल की तिनं?"

भावकू पोत्यावरून उठला.

"बघितलं असंल," तो म्हणाला. "म्या तिच्यावर नजर ठेवून बसलो नव्हतो, शामूअण्णा. बघितलं असंल तर लई बरं झालं."